दुसऱ्या फळीतला माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय कळवावा असे आपल्या चिटणीसांनी सांगितले, तेव्हा मी 'कॅनडातील एक फुटबॉलपटू' असे एका ओळीत कळविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "काका, गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, त्याच्या आदल्या वर्षी संगीत नाटकांवर. यंदा एकदम फुटबॉल?" त्यांची अडचण मी समजू शकतो. अशा प्रसंगी वक्त्याने संतांविषयी बोलावे, फार तर या गावात प्रथम आलेल्या मराठी कुटुंबांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. पण विषय वाटतो तितका परका नाही, असा शब्द मी त्यांना देऊन बसलो आहे. तो पाळला गेला की नाही हे आपण ठरवायचे.

माझी मुलगी आणि जावई कॅनडात कॅलगरीला असतात. निवृत्तीनंतर तेथे दोनदा बरेच महिने राहण्याचा योग आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे बाहेर बर्फ आणि घरात दूरचित्रवाणी, एवढाच दिनक्रम उरतो. जावई फुटबॉलचे सामने लावीत आणि मी शिष्टाचार म्हणून शेजारी बसत असे. पहिल्या दोन सामन्यांत मला एवढेच उमगले की चोवीस धिप्पाड माणसे वाकून उभी राहतात, एकदम एकमेकांवर आदळतात, माणसांचा ढीग होतो आणि मग सर्वजण बाजूला जाऊन दीर्घ विचारविनिमय करतात. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची आठवण होण्याइतके साम्य होते.

पण पाहता पाहता डोळा बसत गेला. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे, आणि अमेरिकेचाही तंतोतंत नव्हे. अमेरिकेत एका बाजूला अकरा खेळाडू, कॅनडात बारा. चेंडू हाती असलेल्या संघाने दहा यार्ड पुढे सरकायचे. त्यासाठी अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळात कॅनडाचे मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद होते, म्हणजे अमेरिकेच्या मैदानापेक्षा चांगलेच ऐसपैस. हे मैदान आखूड करण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला, तेव्हा तेथील जुन्या मंडळींनी केवढा गहजब केला! आपल्या रीतीभाती शेजारच्या बड्या घरासारख्या होऊ नयेत ही तळमळ सगळीकडे सारखीच.

आता या खेळातील एका जागेविषयी. बचाव करणाऱ्या संघाची पहिली फळी प्रतिपक्षाला नाकासमोर भिडलेली असते. तिच्या मागे तीन-चार पावलांवर उभे असतात ते लाइनबॅकर. त्यांच्याही मागे, दूरवर, चपळ रक्षक. लाइनबॅकर म्हणजे मधल्या, दुसऱ्या फळीतला माणूस. कबड्डीत कोपरारक्षक जसा चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे न पाहता पायांकडे पाहतो, तसे याचे लक्ष समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या पावलांवर असते. ते पुढे रेटू लागले तर चेंडू घेऊन कोणीतरी धावणार. मग याने पुढे घुसायचे. ते मागे सरले तर चेंडू फेकला जाणार; मग याने पाठमोरे होऊन मागची मोकळी जागा झाकायची. निर्णयाला जेमतेम अर्धा क्षण. चुकला तर सर्व मैदानाला त्याची चूक दिसते. बरोबर आला तर काहीच घडत नाही, कारण काही घडू न देणे हेच त्याचे काम. एवढ्या रुंद मैदानावर हे करायचे म्हणजे नुसते वजन पुरत नाही, पाय लागतात.

अशा जागेवर दहा वर्षे उभा राहिलेला एक माणूस म्हणजे वॉली बुओनो. आजच्या व्याख्यानाचा नायक तोच.

त्याचे पाळण्यातले नाव पास्क्वाले. जन्म ७ फेब्रुवारी १९५० चा, इटलीच्या दक्षिणेकडील पोतेंझा गावचा. हा बाझिलिकाता प्रांत म्हणजे डोंगराळ, कोरडा, इटलीतल्या अत्यंत गरीब प्रदेशांपैकी एक. पिढ्यान्पिढ्या तेथून माणसे बाहेर पडली. आपल्याकडे कोकणातून घरटी एक माणूस गिरणीत जात असे, तसे तेथून अमेरिका, अर्जेंटिना आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडा. बुओनो कुटुंब मॉन्ट्रियलला आले तेव्हा हा अगदी लहान होता. त्याला इटलीची आठवण असलीच तर ती आईच्या बोलण्यातून आलेली. पास्क्वालेचा वॉली केव्हा आणि कोणी केला हे विचारण्यात अर्थ नाही. आपल्या घरांतल्या श्रीपादांचे आणि पुरुषोत्तमांचे परगावच्या शाळेत काय होते, हे आपण सर्वजण जाणतोच.

मग तो बालवयात असतानाच वडील वारले. परक्या देशात, परक्या भाषेच्या शहरात एक विधवा आणि पदरी मुलगे. वॉली आणि त्याचा थोरला भाऊ रॉकी यांना मॉन्ट्रियलच्या उत्तरेला शॉब्रिज येथील मुलांच्या एका संस्थेत ठेवण्यात आले. ही संस्था मुख्यतः बिघडलेल्या मुलांसाठी ओळखली जात असे. ही दोघे काही बिघडलेली नव्हती. घरात सांभाळायला माणूस नव्हते, इतकेच. या एका गोष्टीपाशी मी वाचताना पुष्कळ वेळ थांबलो. गावाकडे असती तर त्या माउलीने मुलांना काकाच्या, मामाच्या दारी ठेवले असते. परगावी काका-मामा कोठून आणायचे? आपले मंडळ निघण्याआधी या गावात ज्यांच्या घरी असा प्रसंग आला, त्यांनी तो कसा निभावला, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. सणावारी पुरणपोळीसाठी नव्हे, तर अशा रात्री दार ठोठावायला कोणीतरी असावे म्हणून मंडळे निघाली, असे मला वाटते.

मॉन्ट्रियलची आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. या शहरात बहुसंख्यांची भाषा फ्रेंच, व्यापार-उदीमाची भाषा इंग्रजी आणि हे इटालियन लोक तिसरेच. मुलांना कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे? पोट इंग्रजीवर भरेल असे पाहून पुष्कळ इटालियन पालकांनी इंग्रजी शाळा धरल्या. १९६८ साली मॉन्ट्रियलच्या सेंट-लेनार्ड या भागात स्थानिक शाळा मंडळाने नव्याने येणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच माध्यम सक्तीचे केले, आणि पुढच्या वर्षी त्यावरून रस्त्यावर हाणामारीपर्यंत प्रकरण गेले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये क्वेबेक प्रांताने कायदाच केला की बाहेरून नव्याने येणाऱ्यांची मुले फ्रेंच शाळेतच जातील. मी येथे कोणाची बाजू घेत नाही. फ्रेंच माणसालाही चहूकडून इंग्रजीने वेढलेल्या खंडात आपली भाषा बुडण्याची धास्ती होती, आणि ती काही खोटी नव्हती. पण दोघांच्या भांडणात तिसऱ्याच्या पोराने काय करावे? तू आमच्यातला की त्यांच्यातला, असे त्याला दोन्हीकडून विचारले जाते.

बुओनोला फुटबॉल सापडला. त्या बळावर तो अमेरिकेत आयडाहो स्टेट विद्यापीठात गेला, शिकला, खेळला आणि १९७२ साली मॉन्ट्रियलच्या 'अलुएट्स' संघात परत आला. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी. इतक्या दांडग्या लोकांनी इतक्या नाजूक पाखराचे नाव घ्यावे, ही त्या खेळातली एक गंमतच.

आता माझ्या विषयाचा गाभा. कॅनडाच्या या लीगमध्ये एक जुना नियम आहे. अमेरिकेत लोकसंख्या कितीतरी पट, तेथील महाविद्यालयांतून निघणारे खेळाडू शेकड्यांनी. मोकळे सोडले तर कॅनडाचे सगळे संघ अमेरिकनांनीच भरून जातील. म्हणून प्रत्येक संघात बाहेरचे किती आणि इथले किती याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. बुओनो खेळत असे तेव्हा या दोन वर्गांना 'इम्पोर्ट' आणि 'नॉन-इम्पोर्ट' अशी नावे होती. माणसांना बंदरावर उतरविलेल्या मालाचे शब्द लावलेले पाहून मला प्रथम हसू आले आणि नंतर आले नाही.

कारण अशी वर्गवारी आपल्या ओळखीची आहे. आपल्यापैकी कोणी मुलाच्या प्रवेशासाठी मूल निवासी दाखला काढला नाही? माझ्या मुलीच्या वेळी एका कचेरीतील गृहस्थांनी आमचे आडनाव दोनदा वाचले आणि विचारले, "आप लोग तो बाहर के हैं ना?" मी म्हणालो, माझी नोकरीची तीस वर्षे येथे गेली, मुलगी येथेच जन्मली. त्यांनी कागद परत केला. पुढे दाखला मिळाला, तीन खेपा झाल्या. उलट सुट्टीत सांगलीला गेलो की आमच्या हिंदीमिश्रित मराठीला भाऊबंद हसत आणि म्हणत, "आले परप्रांतातले पाहुणे!" म्हणजे इकडे इम्पोर्ट आणि तिकडेही इम्पोर्टच.

तर त्या लीगमध्ये 'इथला' कोणाला म्हणावे? नियमाची व्याख्या वेळोवेळी बदलत गेली, पण त्या काळचा तिचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. जन्म कोठला एवढ्यावर तेथे भागत नसे. मूल कोठे वाढले, खेळाचे पहिले धडे त्याने कोठे गिरविले, याला महत्त्व असे. पोतेंझात जन्मलेला बुओनो या हिशेबात कॅनडियन ठरला. उलट तयार होऊन आलेल्या अमेरिकन खेळाडूने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी खेळाच्या वहीत त्याचा रकाना आपोआप बदलत नसे. पासपोर्ट बदलतो, बालपण बदलत नाही, असा त्यातला विचार दिसतो. मला हा नियम सर्वस्वी न्याय्य वाटतो असे नाही. तीस वर्षे नोकरी करून येथेच राहिलेल्या माझ्यासारख्याला त्यात जागा नाही. माझ्या मुलीला आहे. परंतु आडनाव वाचून माणूस ठरविण्यापेक्षा तो बरा, एवढे म्हणावेच लागेल.

रकाना मिळाला तरी जागा मिळत नाही. ती कमवावी लागते. बुओनोने ती कशी कमावली? लाइनबॅकर म्हणून तर तो उभा राहिलाच. शिवाय पंटरचे कामही त्याने केले. पंट म्हणजे हातातला चेंडू सोडून तो जमिनीला टेकण्याआधी लाथेने दूर भिरकावणे. तीनच प्रयत्न असल्यामुळे दोन फसले की कॅनडात बहुधा हाच मार्ग धरतात, म्हणून तेथे पंटचे महत्त्व फार. चेंडू आपल्यापाशी राहणार नाही हे कबूल करून, तो प्रतिपक्षाला जितका दूर आणि जितका गैरसोयीच्या ठिकाणी मिळेल तितका बरा, असा हा व्यवहार. यात टाळ्या नाहीत. गोल चढविणाऱ्याचे नाव मुले घेतात. पंटरचे नाव त्याचा चेंडू चुकला तरच लोकांच्या ध्यानात येते.

आणि तो प्रत्येक सामन्याला हजर राहिला. त्याच्या नावावर सलग १५२ सामने आहेत. ज्या खेळात गुडघा, खांदा, बोटे ही दर आठवड्याला दुरुस्तीला जाणारी यंत्रे समजतात, तेथे दहा हंगामांत ही हजेरी! कारखान्यात काम केलेल्यांना या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको.

त्या वर्षांत मॉन्ट्रियलचा संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पाच वेळा पोहोचला. हा कप कॅनडाचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी १९०९ साली दिला. गंमत अशी की पाचही वेळा समोर एडमंटनचाच संघ. १९७४ साली व्हँकुव्हरला मॉन्ट्रियलने २० विरुद्ध ७ असा विजय मिळविला. १९७५ चा सामना कॅलगरीच्या मॅकमहॉन मैदानावर झाला. त्या मैदानावर मीही जावयाबरोबर दोन घोंगड्या पांघरून बसलो आहे, म्हणून त्या दिवशी खेळाडूंचे काय झाले असेल याची थोडी कल्पना करू शकतो. शेवटच्या मिनिटात मॉन्ट्रियलला अगदी जवळून चेंडू खांबांमधून मारण्याची संधी मिळाली. तीन गुण मिळाले असते आणि कप हाती आला असता. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. कॅनडाच्या नियमात अशा चुकलेल्या फटक्यालाही एक गुण मिळू शके. तो मिळाला आणि सामना ९ विरुद्ध ८ असा हरला. सांत्वनाच्या या एका गुणाइतकी क्रूर गोष्ट मी कोणत्या खेळात पाहिली नाही.

१९७७ चा सामना मॉन्ट्रियललाच होता, आदल्या वर्षीच्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य मैदानावर. तारीख २७ नोव्हेंबर. दोन-तीन दिवस आधी हिमवर्षाव झाला होता. मैदानावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकले, ते वितळले आणि थंडीने पुन्हा गोठले. कृत्रिम गवतावर काचेसारखा थर. ६८,३१८ प्रेक्षक जमले होते, आणि मैदानावर माणूस उभा राहू शकत नव्हता. तेव्हा मॉन्ट्रियलच्या टोनी प्राउडफूट या खेळाडूला एक युक्ती सुचली. कामगार लाकडावर तारेच्या पिना ठोकतात ते यंत्र मिळवून बुटांच्या तळव्यांत पिना ठोकायच्या! संघातल्या अनेकांनी तसे केले. एडमंटनचे गडी घसरत राहिले आणि मॉन्ट्रियल ४१ विरुद्ध ६ असे जिंकले. भाषेचा तो कायदा होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, शहर दुभंगलेले होते, आणि त्या दुपारी इंग्रज, फ्रेंच, इटालियन सगळे एकाच चंडोलासाठी ओरडत होते. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत झाले असणार. तरीही ती दुपार झाली, एवढे खरे. पुढच्या दोन्ही वर्षी एडमंटनने त्याची पुरेपूर फेड केली.

१९८१ नंतर बुओनोचे खेळणे थांबले. १९८२ मध्ये अलुएट्स संघाचे दिवाळे निघाले. त्याच्या जागी दुसऱ्या नावाने संघ उभा राहिला, त्यात तो शिक्षक म्हणून काम करू लागला. १९८७ साली ऐन हंगामाच्या तोंडावर तोही बंद पडला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी हा माणूस पश्चिमेला, तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या कॅलगरीला निघाला. कारखाना बंद पडल्यावर माणसे निघतात तसाच. पहिले स्थलांतर आईबापांनी केले होते. हे त्याचे स्वतःचे.

येथून पुढे त्याला 'तो' म्हणणे मला जड जाते. १९९० मध्ये बुओनो कॅलगरीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००२ पर्यंत राहिले. मग व्हँकुव्हरच्या बीसी लायन्स संघाकडे २०११ पर्यंत, आणि पुन्हा २०१६ ते २०१८. कॅलगरीला १९९२, १९९८ आणि २००१ साली, व्हँकुव्हरला २००६ आणि २०११ साली ग्रे कप मिळवून दिला. त्यातला २००१ चा सामना मॉन्ट्रियलच्या त्याच ऑलिंपिक मैदानावर झाला होता. २००९ साली सर्वाधिक विजयांचा विक्रम त्यांच्या नावावर आला, आणि निवृत्त झाले तेव्हा साखळी सामन्यांतील विजयांची संख्या २८२ होती. २०१४ साली त्यांना कॅनडियन फुटबॉलच्या मानवंदना दालनात स्थान मिळाले.

या सर्वांत मला २०११ चा हंगाम अधिक आवडतो. पहिले पाचही सामने संघ हरला. वर्तमानपत्रे, प्रेक्षक, सगळे तुटून पडले. बुओनो यांनी मोठी उलथापालथ केली नाही, तीच माणसे घेऊन ते उभे राहिले, आणि नोव्हेंबरात व्हँकुव्हरच्या घरच्या मैदानावर विनिपेगला ३४ विरुद्ध २३ असे हरवून कप घेतला. सुरुवातीचे पाच सामने गमावून कप जिंकणारा हा पहिलाच संघ. मात्र शेवट गोड झाला असे कोणी समजू नये. २०१८ साली त्यांचा अखेरचा सामना हॅमिल्टनला झाला आणि त्यांचा संघ ४८ विरुद्ध ८ असा सपाटून हरला. लाइनबॅकर माणूस! चेहऱ्यावर काही दिसू न देता त्यांनी प्रतिपक्षाशी हस्तांदोलन केले असेल, असे मी मनाशी धरून चाललो आहे.

त्यांच्या २००६ च्या विजयी संघात एक नाव होते ते आपण ऐकावे असे आहे. बॉबी सिंग. हे लाइनबॅकर नव्हेत, चढाईच्या बाजूच्या पहिल्या फळीतले आडदांड रक्षक. जन्म फिजी बेटांतील सुवा येथला. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी माणसे ऊसमळ्यांवर राबण्यासाठी गिरमिटिया म्हणून फिजीला नेली गेली, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. तेथील हिंदी समाजातले एक कुटुंब पुढे कॅनडात येते आणि त्यातला मुलगा आधी अमेरिकेत सेंट लुईसच्या संघातून सुपर बोलचा मानकरी होतो, मग व्हँकुव्हरला पोतेंझाच्या बुओनोंच्या हाताखाली ग्रे कपचा. त्याला कोठला म्हणाल? हिंदी, फिजीचा, की कॅनडाचा? मी माझ्या जावयाला विचारले. तो म्हणाला, "बाबा, डाव्या गार्डचा की उजव्या, एवढेच तिथे विचारतात."

आता शेवटची गोष्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी कॅलगरीला होतो. ग्रे कपचा सामना रेजायना येथे, टोरांटो विरुद्ध विनिपेग. विनिपेगने आधीचे दोन कप घेतले होते आणि तिसऱ्याच्या ते बेतात होते. टोरांटोकडून हेनॉक मुआंबा नावाचा लाइनबॅकर खेळत होता. जन्म १९८९ चा, आफ्रिकेतल्या किन्शासाचा. हाही लहानपणी आईबापांबरोबर कॅनडात आला, प्रथम मॉन्ट्रियलला आणि मग टोरांटोजवळच्या मिसिसागाला. भाऊ कॉशी, तोही व्यावसायिक खेळाडू झाला. नोव्हा स्कोशियातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठातून खेळताना २०११ साली नवोदित कॅनडियनांच्या वार्षिक निवडीत हेनॉकचे नाव सर्वांत प्रथम पुकारले गेले, ते विनिपेगने. नंतर तो अमेरिकेत गेला, आणि कॅनडात सस्कॅचवान, मॉन्ट्रियल, टोरांटो या संघांतूनही खेळला. २०१९ साली त्याला लीगमधील सर्वोत्कृष्ट कॅनडियन खेळाडूचा मान मिळाला होता.

आता तेहेतिसाव्या वर्षी तो ज्यांनी प्रथम निवडले त्यांच्याचविरुद्ध उभा होता. चौथ्या सत्रात टोरांटोने २४ विरुद्ध २३ अशी निसटती आघाडी मिळविली. विनिपेगचा कोलॅरोस चेंडू घेऊन मागे सरला. मी इतक्या दिवसांनी शिकलो होतो, म्हणून चेंडूकडे न पाहता दुसऱ्या फळीकडे पाहत होतो. मुआंबा पुढे आला नाही. मागे सरला, फेकीच्या वाटेत शिरला आणि चेंडू त्याच्या हातात होता. पुढे आणखी दोन फटके अडविले गेले, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा, जीव टांगणीला लागला. पण गुण बदलले नाहीत.

माझा नातू नऊ वर्षांचा, सतरंजीवर पालथा पडून पाहत होता. मी विचारले, "हा मूळचा आफ्रिकेतला ना रे?" त्याने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "नाही आजोबा, इथलाच आहे." मग क्षणभर थांबून म्हणाला, "तुम्ही मूळचे कुठले?" मी तोंड उघडले, सांगली म्हणावे की हे आपले गाव, याचा निर्णय होईपर्यंत पारितोषिके सुरू झाली होती आणि त्याचे लक्ष तिकडे गेले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मुआंबाचे नाव पुकारले गेले. सामन्यातील सर्वोत्तम कॅनडियन म्हणूनही त्याचेच.